काडतुसाच्या पुंगळीची मान : एक अभ्यास

फेब्रुवारीत आमच्या शाळेच्या नेमबाजी संघाची निवड झाली. 25 मीटरवर .22 रायफलने पालथे पडून पाच गोळ्या झाडायच्या होत्या. माझ्या पाच छिद्रांचा पुंजका आडवा बरा होता, पण उभा 48 मिलिमीटर पसरला. माझ्याच हाउसमधला दुसरा कॅडेट संघात गेला आणि मी राखीव राहिलो. टार्गेट हातात घेऊन मी उस्तादांना म्हणालो, "उस्ताद, राउंड खराब थे।"

उस्ताद रागावले नाहीत. "ठीक है, साबित करो," एवढेच म्हणाले. सुट्टीनंतर वेपन ट्रेनिंगच्या तासाला 'काडतूस आणि अचूकता' या विषयावर पाठ द्यायचे काम त्यांनी मला दिले. तोच पाठ मी इथे मराठीत मांडत आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती गाळली तर पाठ अर्धा राहील.

काडतुसाचे चार भाग

काडतुसात पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी असे चार भाग असतात. पुंगळी पितळेची असते. या पितळेत साधारण 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते. मोठ्या रायफलच्या पुंगळीला बाटलीसारखा आकार असतो. खाली रुंद अंग, मग उतरता खांदा आणि वर अरुंद मान. गोळी या मानेत घट्ट बसते.

पुंगळी ओतून बनत नाही. पितळेच्या चकतीची आधी वाटी करतात आणि ती साच्यातून पुन्हा पुन्हा ओढून लांब करतात. ओढताना आतला पंच जरा जरी एका बाजूला सरकला, तरी भिंत एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ होते. फरक डोळ्यांना दिसत नाही. तो इंचाच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. आमच्या कोल्हापूरकडच्या लेथवर या मापाला 'थाऊ' म्हणतात. एक थाऊ म्हणजे 0.0254 मिलिमीटर.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते?

समजा, मानेची भिंत एका बाजूला 16 थाऊ आणि समोरच्या बाजूला 14 थाऊ आहे. बाहेरचे वर्तुळ आणि आतले वर्तुळ यांचे केंद्र तेव्हा एक राहत नाही. ते फरकाच्या निम्म्याने, म्हणजे 1 थाऊने सरकते. गोळी आतल्या वर्तुळात बसलेली असते, म्हणून ती नळीच्या मध्यरेषेपासून सरकलेली राहते आणि जरा तिरकी नळीत शिरते.

दुसरी गोष्ट पकडीची. जाड मान गोळीला जास्त आवळते, पातळ मान कमी आवळते. प्रत्येक काडतुसाची पकड वेगळी असली की दाब वेगळा होतो, वेग वेगळा होतो आणि गोळी वर-खाली लागते.

बेंचरेस्ट नावाच्या खेळात रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर ठेवून नेम धरतात. 100 यार्डांवर पाच गोळ्यांचा पुंजका पाव इंचाहून लहान आला तरच तिथे निभाव लागतो. हा खेळ अमेरिकेत वाढला. तिथले नेमबाज स्वतः काडतुसे भरतात आणि भरण्यापूर्वी पुंगळीची मान बाहेरून तासून सगळीकडे एकसारखी जाड करतात. यालाच नेक टर्निंग म्हणतात.

मान तासण्याची रीत

एकाच लॉटच्या पुंगळ्या घेतात आणि सगळ्यांची लांबी सारखी करतात. मग मानेत एक गुळगुळीत पोलादी दांडा घालून ती किंचित फुगवतात. यामुळे आतले छिद्र गोल होते आणि जाडीतला सगळा फरक बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. पाते तिथेच पोहोचू शकते.

नंतर पुंगळी तासणीच्या मँड्रेलवर चढवतात. मँड्रेल म्हणजे मानेच्या आत नेमका बसणारा दांडा. त्याला वंगण लावतात, कारण पितळ गरम झाले की माप बदलते. बाहेरून पाते ठरावीक अंतरावर धरलेले असते. पुंगळी सावकाश फिरवत खांद्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. तिथे थोडे आधीच थांबले तर जाड कडे शिल्लक राहते आणि पुढे तेच आत येऊन गोळीला अडते. शेवटी जाडी ट्यूब मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजतात. या मायक्रोमीटरचे एक टोक मण्यासारखे गोल असते, म्हणून ते वक्र भिंतीवर नीट टेकते.

किती तासायचे हे रायफलच्या चेंबरवर ठरते. साध्या रायफलसाठी फक्त उंचवटे काढतात. बेंचरेस्टसाठी चेंबरच अरुंद मानेचे कोरून घेतात. लुई पाल्मिसानो हे डॉक्टर आणि फेरिस पिंडेल हे हत्यारे बनवणारे कारागीर यांनी 1970 च्या दशकात 6 एमएम पीपीसी हे काडतूस तयार केले. त्याचा हिशेब पाहा. गोळीचा व्यास 0.243 इंच. मानेची भिंत 0.0085 इंच, दोन्ही बाजू मिळून 0.017. एकूण 0.260 इंच. चेंबरची मान 0.262 इंच. म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त 1 थाऊ मोकळीक. हा हिशेब चुकून मोकळीक उरलीच नाही, तर मान फुगू शकत नाही, गोळी सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. उलट मान फार पातळ केली तर गोळी सैल बसते आणि पितळ लवकर फाटते.

मित्रांनो, हे फक्त वाचण्यासाठी आहे. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे. आपल्या रेंजवर तर रिकामी पुंगळीसुद्धा मोजून परत द्यावी लागते आणि निघताना 'माझ्याकडे राउंड किंवा खाली खोके नाही' असे मोठ्याने सांगावे लागते.

माझा प्रयोग

म्हणून मी पुंगळी न घेता पितळी पाइप घेतला. माझ्या पप्पांचे शिरोली एमआयडीसीत छोटे लेथ शॉप आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे पाइपच्या दहा रिंगा कापल्या आणि प्रत्येकीची जाडी चार ठिकाणी मोजली. एकाच रिंगेत 6 शतांश मिलिमीटरपर्यंत फरक निघाला.

मग मी रिंग सरळ चकमध्ये बाहेरून पकडली, आतून पाते फिरवले आणि पुन्हा मोजली. फरक गेला होता! मी खूश झालो. पप्पा म्हणाले, "आता आतलं छिद्र मोज की." छिद्र मोठे झाले होते. पुंगळीत असे चालणार नाही, कारण गोळीचे माप ठरलेले असते. आतून हात लावायचा नाही आणि बाहेरूनच तासायचे, ही अट होती. दुसरी रिंग मी चकमध्ये पुढे काढून बाहेरून तासली. बाहेरची बाजू आरशासारखी चकचकीत झाली, पण जाडीतला फरक तसाच राहिला.

"का राहिला सांग," पप्पा म्हणाले.

बराच वेळ विचार केल्यावर उत्तर सापडले. चक बाहेरची बाजू धरतो, म्हणून रिंग बाहेरच्या वर्तुळाच्या केंद्राभोवती फिरते. छिद्राचे केंद्र मुळातच सरकलेले असते. ते तसेच सरकलेले राहते. छिद्रात मँड्रेल घातला तर रिंग छिद्राच्या केंद्राभोवती फिरते आणि मगच पाते जाड बाजू जास्त कापते. नेक टर्निंगमध्ये आत मँड्रेल का लागतो, हे पुस्तक वाचून मला कळले नव्हते. ते त्या चकचकीत पण वाकड्या रिंगेने शिकवले. छिद्राच्या मापाचा मँड्रेल बनवून बाकीच्या रिंगा तासल्यावर फरक 1 शतांशावर आला.

दहावी रिंग

आता चूक. संध्याकाळ झाली होती आणि मला घरी जायची घाई होती. शेवटची रिंग मी मोजलीच नाही. आधीच्या नऊ बघून चार आकडे वहीत लिहून टाकले. पप्पांनी वही पाहिली, दहावी रिंग उचलली आणि मायक्रोमीटर लावला. फरक 4 शतांश निघाला. ती मँड्रेलवर सैल बसली होती.

"हे आकडं कुठनं आणलास?" त्यांनी विचारले. मी गप्प बसलो. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला असा एक जरी पार्ट गेला, तर बाकीचे नऊ कोण बघत न्हाई बाळा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला रिंगेपेक्षा टार्गेटची जास्त आठवण येत होती. 'राउंड खराब थे' हे वाक्यसुद्धा मी न मोजताच बोललो होतो. निवड झालेल्या कॅडेटने त्याच खोक्यातले राउंड झाडले होते, हे मला तेव्हाच ठाऊक होते.

मोजून काढलेले उत्तर

दुसऱ्या दिवशी मी हिशेब केला. .22 काडतुसाला बाटलीसारखी मान नसते. त्याचा प्रायमर पुंगळीच्या कडेतच असतो, म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. तिथे मान तासण्याचा प्रश्नच नाही. म्हणून मोठे .22 नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासून आपल्या रायफलला जुळणारा निवडतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला आणि जर्मनीत शोनेबेकला यासाठी खास टेस्ट रेंज आहेत. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दहाचे वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटर असते. तिथे लॉटचा फरक नक्कीच मोजावा लागतो.

पण माझे काय? गोळीचा वेग सेकंदाला 320 मीटर धरला, तर 25 मीटर जायला 0.078 सेकंद लागतात. हवेचा अडथळा सोडला तर तेवढ्या वेळात गोळी सुमारे 30 मिलिमीटर खाली येते. एखादा राउंड सेकंदाला 10 मीटरने मंद निघाला, तर ती सुमारे 32 मिलिमीटर खाली येते. फरक 2 मिलिमीटर. माझा पसारा 48. उरलेले 46 मिलिमीटर राउंडचे नव्हते. ते माझ्या श्वासाचे होते. श्वास रोखून धरण्याऐवजी मी तो सोडता सोडता ट्रिगर दाबत होतो.

जुलैत वर्गात पाठ दिला तेव्हा मी फळ्यावर हा हिशेब मांडला. शेवटी उस्तादांकडे वळून म्हणालो, "उस्ताद, राउंड ठीक थे।" संघात गेलेला कॅडेट पहिल्या बाकावर बसला होता. त्यालाही मी सॉरी म्हणालो. उस्तादांनी दहाव्या रिंगेबद्दल विचारले, कारण मी तिचे दोन्ही आकडे, आधी लिहिलेले आणि नंतर मोजलेले, फळ्यावर ठेवले होते. मी खरे ते सांगितले.

मी अजूनही राखीवच आहे. मात्र आता रोज सकाळी पीटीनंतर वीस मिनिटे रिकाम्या रायफलवर श्वास आणि ट्रिगर यांचा सराव करतो आणि प्रत्येक टार्गेटची उभी-आडवी मापे वहीत लिहितो. मागच्या आठवड्यात उभा पसारा 29 मिलिमीटर आला. हा आकडा मी पट्टी लावून, दोनदा मोजून लिहिला आहे.