घटक ५ : अल्पखर्ची भयपट आणि हास्य – आस्वाद व मूल्यमापन

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासून झाल्यावर तुम्हाला –
• भयपट पाहताना निर्माण होणाऱ्या हास्याचे प्रकार ओळखता येतील.
• ‘रसविघ्न’ आणि ‘रसाभास’ या संकल्पनांचे चित्रपटाच्या संदर्भात उपयोजन करता येईल.
• ‘कॅम्प’ ही संज्ञा स्पष्ट करता येईल.
• साधनांची उणीव आणि विचाराची उणीव यांतील फरक ध्यानात घेऊन अल्पखर्ची चित्रपटावर स्वतःचा अभिप्राय लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

समजा, एखाद्या व्यक्तीने लहानपणी गावच्या जत्रेतील तंबूत ‘पुराना मंदिर’ पाहिला. त्या रात्री अंगणातून घरात जाण्याचीही तिला भीती वाटली. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी तीच व्यक्ती आपल्या मुलांसोबत तोच चित्रपट मोबाइलवर पाहते. राक्षसाचा रंगवलेला चेहरा पाहून मुले खदखदा हसतात आणि त्यांच्याबरोबर तीही हसते. कोणी मत विचारलेच, तर “अगदीच टुकार सिनेमा” असे सांगून मोकळी होते.

या दोन प्रतिसादांपैकी खरा कोणता? पहिला अडाणीपणाचा आणि दुसरा जाणतेपणाचा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु रसग्रहण करणाऱ्याला इतक्या लवकर निकाल देता येत नाही. एका कलाकृतीने एकाच प्रेक्षकाला एकदा घाबरवले आणि एकदा हसवले, तर त्या दोन्ही अनुभवांचा हिशेब अभिप्रायात आला पाहिजे. तो कसा मांडावा, हा या घटकाचा विषय आहे.

५.३ अल्पखर्ची भयपटाची घडण

भयपट हा प्रकार कमी भांडवलाला मानवतो. त्याला नामांकित नट-नट्यांची गरज नसते, कारण प्रेक्षक येतो तो भीती अनुभवायला. एक जुना वाडा, थोडा धूर, करकरणारे दार आणि अंधार एवढ्यावर कथानक उभे राहते. अंधार नेपथ्यातील उणिवाही झाकतो.

भारतात या प्रकाराचे नाव रामसे बंधूंशी जोडले गेले आहे. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले हे कुटुंब. वडील एफ. यू. रामसे यांचा रेडिओ व विजेच्या उपकरणांचा व्यवसाय होता आणि ते चित्रपटनिर्मितीकडे वळले. १९७० साली त्यांनी निर्मिलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट चालला नाही. मात्र त्यातील मुखवटा घालून केलेल्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात, हे मुलांच्या लक्षात आले. त्या एका निरीक्षणातून १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ तयार झाला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले. सात भावांनी कामे वाटून घेतली होती : कुमार पटकथेत, तुलसी व श्याम दिग्दर्शनात, गंगू छायाचित्रणात, किरण ध्वनीत, अर्जुन संकलनात, तर केशू निर्मितीत. घरातील स्त्रियाही चित्रीकरणस्थळी स्वयंपाकापासूनची कामे सांभाळत. पुढे ‘दरवाजा’ (१९७८), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) असे अनेक चित्रपट आले. त्यांचा मोठा प्रेक्षक लहान शहरांत व तालुक्याच्या गावी होता.

हा तपशील एवढ्यासाठी दिला की, या चित्रपटांना नावे ठेवण्यापूर्वी ते कोणत्या परिस्थितीत आणि कोणासाठी तयार झाले, हे समजून घ्यावे. सुतार, कुंभार यांच्या घरात जशी कामाची वाटणी असते, तशी येथे चित्रपटाची होती. अशा निर्मितीत सफाई कमी असते; पण प्रेक्षकाची नाडी ओळखण्याचे कसब असू शकते.

५.४ भयाचे हास्य का होते?

आपल्या काव्यशास्त्रात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास चांगला आधार मिळतो. भरतमुनींनी भय हा भयानक रसाचा, जुगुप्सा हा बीभत्स रसाचा आणि हास हा हास्य रसाचा स्थायीभाव सांगितला. विकृत वेष, विसंगत अलंकार, विचित्र चेष्टा यांना त्यांनी हास्याचे विभाव मानले. आता गंमत पाहा : विकृत रूप भयानकालाही लागते आणि हास्यालाही. राक्षसाचे सुळे आणि विदूषकाचे सोंग यांच्यामधील अंतर वाटते तेवढे मोठे नाही.

ते अंतर कशाने पुसले जाते? अभिनवगुप्तांनी रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतील पहिले विघ्न ‘संभावनाविरह’ होय. समोर घडणारे घडू शकते, असे प्रेक्षकाला वाटलेच नाही, तर त्याचे मन त्यात रमत नाही आणि रसाची निष्पत्ती थांबते. अभिनवगुप्तांचे दुसरे विवेचनही येथे उपयोगी पडते. कोणताही भाव अनुचित रीतीने प्रकट झाला की रसाचा आभास निर्माण होतो आणि हे अनौचित्यच हास्याचा विभाव ठरते. रावणाचे सीतेविषयीचे प्रेम शृंगार न ठरता शृंगाराचा आभास ठरते आणि त्यातून हास्य संभवते, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. याच न्यायाने, फसलेल्या भयानकाला आपण ‘भयानकाचा आभास’ म्हणू शकतो.

अमेरिकन दिग्दर्शक एड वुड यांचा ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा या आभासाचा ठळक नमुना आहे. १९५६ साली त्याचे मुख्य चित्रीकरण झाले. त्यासाठी एका चर्चच्या सदस्यांनी भांडवल दिले होते. ड्रॅक्युलाच्या भूमिकेने गाजलेले बेला लुगोसी यांचे काही मोजके चित्रण वुड यांच्याकडे होते. पण त्याच वर्षी लुगोसी वारले. तेव्हा दुसऱ्या एका गृहस्थाला झग्याने तोंड झाकून त्यांच्या जागी उभे केले गेले. थडगी हलतात, एकाच प्रसंगात मध्येच दिवस तर मध्येच रात्र दिसते. संभावना प्रत्येक पावलाला मोडते आणि प्रेक्षक हसतो. १९८० साली मेडवेड बंधूंच्या पुस्तकाने या चित्रपटाला सर्वांत वाईट चित्रपटाचा मान दिला. त्यानंतर तो अधिकच आवडीने पाहिला जाऊ लागला. १९९४ साली टिम बर्टन यांनी एड वुड यांच्या जीवनावर चित्रपट काढला. त्यात उपहासापेक्षा जिव्हाळा अधिक आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. ‘संभावनाविरह’ म्हणजे काय?
२. भयानक आणि हास्य या दोन्ही रसांत समान असू शकणारा घटक कोणता?

५.५ हास्याचे तीन प्रकार

भयपट पाहताना येणारे हसू एकाच जातीचे नसते. अभ्यासाच्या सोयीसाठी आपण त्याचे तीन प्रकार करू.

(अ) योजलेले हास्य : चित्रपटकर्त्याने हेतुपूर्वक निर्माण केलेले. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हे मराठीतील परिचित उदाहरण. तात्या विंचू या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकन भयपटाशी नाते सांगणारी आहे. परंतु रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा भेदरलेला, भाबडा नायक यांनी तिला मराठी रूप दिले. महाराष्ट्राला पाध्ये घराण्याच्या बोलक्या बाहुल्यांची ओळख अर्धवटरावांपासून होती. हसवणारा बाहुला जिवावर उठतो, या उलटापालटीत भय आणि हास्य दोन्ही आहेत. त्याआधी ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मध्ये अशोक सराफ यांनी रंगवलेले भूत तर माणसाचा सोबतीच होते.

(आ) सुटकेचे हास्य : ताण असह्य झाला की प्रेक्षागृहात हसू फुटते. अंधारात कोणी उगाच मोठ्याने विनोद करतो, शेजारी हसतात. हे हसू भयाचा पराभव दाखवत नाही. भय पोहोचल्याची ती खूण असते.

(इ) ओढवलेले हास्य : चित्रपटकर्त्याला भय अपेक्षित असताना त्याच्या इच्छेविरुद्ध आलेले. ‘प्लॅन नाइन’ पाहताना येणारे हसू या प्रकारात मोडते.

अभिप्राय लिहिताना पुष्कळ जण हे तीन प्रकार एकत्र करतात. ‘लोक हसत होते’ एवढ्यावरून चित्रपट फसला असे ठरत नाही. कोण, कोणत्या क्षणी आणि का हसले, हे पाहावे लागते.

५.६ ‘कॅम्प’ ही संज्ञा

ओढवलेल्या हास्याचा जाणीवपूर्वक आस्वाद घेणाऱ्या अभिरुचीला पाश्चात्त्य समीक्षेत ‘कॅम्प’ म्हणतात. अमेरिकन लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९६४ साली लिहिलेल्या निबंधामुळे ही संज्ञा समीक्षेत रुळली. अतिरंजन, कृत्रिमता आणि नाटकीपणा यांवरील प्रेम हे या अभिरुचीचे लक्षण होय. तिच्या जडणघडणीत समलिंगी समाजाचा मोठा वाटा असल्याचे सोंटॅग यांनी नोंदवले. त्यांनी अजाण आणि हेतुपूर्वक असे कॅम्पचे दोन भेद केले. मनापासून गंभीर असलेल्या कृतीचे गांभीर्य फसते तेव्हा अजाण कॅम्प संभवतो. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ (१९७५) सारख्या चित्रपटात तो जाणूनबुजून रचलेला असतो.

येथे एक सावधगिरी हवी. कॅम्पच्या आस्वादात कृतीविषयी ममत्व असते. उपहासात ते नसते. शहरातील जाणकार प्रेक्षक जुन्या भयपटाला हसतो, तेव्हा तो कधी कधी चित्रपटाला न हसता त्या चित्रपटाला घाबरलेल्या माणसांना हसत असतो. तंबूत जमिनीवर बसून पाहणारा, घरी परतताना ओढ्याकाठचा रस्ता टाळणारा प्रेक्षक मग थट्टेचा विषय होतो. अशा हसण्याला रसिकता म्हणता येणार नाही.

५.७ साधनांची उणीव आणि विचाराची उणीव

कमी खर्च म्हणजे हास्यास्पद परिणाम, असे समीकरण नाही. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) सुमारे १,१४,००० डॉलरांत, कृष्णधवल चित्रफितीवर तयार झाला. रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत वापरले होते. तरीही तो हास्यास्पद ठरला नाही. रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचलेल्या कृष्णवर्णीय नायकाला सकाळी मदतीला आलेली माणसेच प्रेत समजून गोळी घालतात. वर्णद्वेषाने पोळलेल्या अमेरिकेत या शेवटाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

आता ‘पुराना मंदिर’ कडे वळू. त्यात सामरी नावाचा राक्षस राजघराण्याला शाप देतो की, या वंशातील स्त्रिया बाळंतपणात मरतील. म्हणून ठाकूर आपल्या मुलीच्या प्रेमाला विरोध करतो. मुखवटे आणि धूर क्षणभर बाजूला ठेवले, तर या कथेच्या मुळाशी काय दिसते? पूर्वजांच्या काळातील देणे मुलींनी जिवानिशी फेडावे, ही भीती. ज्या प्रेक्षकांच्या घरात वा शेजारी कोणी बाळंतपणात दगावले होते, त्यांना ती कल्पित वाटली नसेल. अनिरुद्ध अगरवाल यांची उंच देहयष्टी हे कमी खर्चात साधलेले भयाचे प्रभावी साधन होते. ही बाजू अभिप्रायात आली पाहिजे.

त्याचबरोबर दुसरी बाजूही आली पाहिजे. नायिकेच्या देहावर कॅमेरा रेंगाळतो, कथेशी सांधा नसलेले ‘शोले’ चे विडंबन मध्येच येते आणि जगदीप यांच्या विनोदी प्रसंगांत भयाची साखळी तुटते. या दोषांचे खापर अपुऱ्या पैशांवर फोडता येणार नाही. मुखवट्याची शिवण दिसणे ही साधनांची उणीव आहे. स्त्रीच्या मरणाच्या भीतीवर उभ्या कथेत स्त्रीलाच शोभेची वस्तू करणे ही विचाराची उणीव आहे. पहिलीला उदारपणे समजून घ्यावे. दुसरीला जुनेपणाच्या वा गमतीच्या नावाखाली माफी देऊ नये.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१. ‘साधनांची उणीव’ आणि ‘विचाराची उणीव’ यांचे प्रत्येकी एक उदाहरण द्या.

५.८ अभिप्राय कसा लिहावा?

१. प्रथम स्वतःचा प्रतिसाद प्रामाणिकपणे नोंदवा. भीती वाटली असेल तर ती लिहिण्यात कमीपणा मानू नका.
२. हसू आले असेल, तर ते तीन प्रकारांपैकी कोणते, हे विशिष्ट प्रसंगाच्या आधारे सांगा.
३. चित्रपटाची निर्मिती-परिस्थिती आणि मूळ प्रेक्षकवर्ग विचारात घ्या.
४. दोष दाखवताना तो साधनांचा की विचाराचा, हे स्पष्ट करा.
५. ‘टुकार’, ‘भंगार’, ‘भन्नाट’ असे शब्द वापरण्यापूर्वी त्यांच्या जागी एखादे निरीक्षण लिहिता येते का, ते पाहा.

५.९ सारांश

अल्पखर्ची भयपटात संभावना मोडली की भयानकाचा आभास होतो आणि हास्य निर्माण होते. हे हास्य योजलेले, सुटकेचे वा ओढवलेले असू शकते. ओढवलेल्या हास्याच्या ममत्वपूर्ण आस्वादाला कॅम्प म्हणतात. त्यातील ममत्व सरले की उपहास उरतो. मूल्यमापन करताना साधनांची आणि विचाराची उणीव वेगवेगळी तोलावी. प्रास्ताविकातील व्यक्तीचे लहानपणीचे भय आणि आजचे हसू दोन्ही खरे आहेत. त्यांतील एक लपवून लिहिलेला अभिप्राय अपुरा ठरतो.

५.१० शब्दार्थ

जुगुप्सा – किळस. विभाव – भाव जागृत करणारे कारण. विरह – (येथे) अभाव. आभास – तसे भासणे, पण तसे नसणे. अनौचित्य – अयोग्यता, विसंगती.

५.११ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) समोर घडणारे घडू शकते, असा विश्वास प्रेक्षकाला न वाटणे. (२) विकृत रूप.
प्रश्न २ : (१) साधनांची उणीव – मुखवट्याची शिवण दिसणे किंवा थडगी हलणे; विचाराची उणीव – स्त्रीच्या भीतीवर आधारलेल्या कथेत तिच्या देहाचे प्रदर्शन करणे.

५.१२ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘रसाभास’ ही संकल्पना तुम्ही पाहिलेल्या एका भयपटाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘कॅम्पचा आस्वाद आणि उपहास’ यांतील फरक सोदाहरण लिहा.
३. ‘झपाटलेला’ मधील भय आणि हास्य यांचा परस्परसंबंध विशद करा.

क्षेत्रीय कार्य : तुमच्या घरातील वा गावातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला तिने तंबूत किंवा चित्रपटगृहात पाहिलेल्या भयपटाची आठवण विचारा. ती हसत सांगू लागली, तर तिला मध्येच न थांबवता, तेव्हा नेमकी कशाची भीती वाटली होती, हे जाणून घ्या आणि त्यावर दोनशे शब्दांत टिपण लिहा.