बर्फात हात घातल्यावर बोटं पांढरी पडतात?

जेटीवर बर्फ फोडताना, मासळी निवडताना काहींची बोटं एकाएकी खडूसारखी पांढरी पडतात, बधिर होतात. मग निळसर, आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. सावळ्या हातावर हा फरक नखांत जास्त दिसतो. 1862 मध्ये मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने याचं वर्णन केलं, म्हणून याला रेनो म्हणतात.

थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या सगळ्यांच्याच आवळतात. रेनोत त्या जरुरीपेक्षा जास्त आवळतात, बोटाला रक्त पोचेनासं होतं. बायकांत हे जास्त दिसतं. विडी-सिगारेटने वाढतं, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही. (गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

आमचं सगळ्यांना कळकळीचं सांगणं एकच: बधिर बोटं शेगडीवर किंवा तापलेल्या इंजिनावर धरू नका. भाजलेलं कळत नाही! ओले हातमोजे काढा, हात पुसा, काखेत धरा, नाहीतर कोमट पाण्यात ठेवा. रबरी मोज्याच्या आत सुती मोजा बरा, पण कोरडा असेपर्यंतच.

तरुणपणापासून दोन्ही हातांना होत असेल तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं नसतं. चाळिशीत पहिल्यांदाच सुरू झालं, एकाच हाताला झालं, टोकाची जखम भरेना, कातडी कडक व्हायला लागली, तर डॉक्टरांना दाखवाच. बोट काळं पडलं किंवा ऊब देऊनही रंग परत येईना, तर त्याच दिवशी. आणि बोटं पांढरी असतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत ती नेहमीसारखी होतात.