शेततळ्याच्या खोल पाण्यातील गढूळपणा कसा मोजावा?

पावसाळा सरला की शेततळ्यातील पाणी वरून नितळ दिसू लागते व पंप सुरू करण्याची घाई होते. परंतु वरच्या थरावरून तळाची कल्पना येत नाही. जाड कण लवकर खाली बसतात, चिकणमातीचे ०.००२ मिलिमीटरहून बारीक कण मात्र कित्येक दिवस तरंगत राहतात. हे कण ठिबक संचाच्या जाळीच्या गाळणीतून सहज पार होतात, नळ्यांत साचतात व तोट्या बुजवतात. झाडे सुकू लागल्यावर दोष ध्यानी येतो; तोपर्यंत पिकाची हानी झालेली असते. म्हणून फूटव्हॉल्व्ह किती खोल सोडावा, हे पाणी तपासूनच ठरवावे.

उपकरणाचे कार्य : याकरिता प्रकाशीय संवेदक वापरतात. त्यातील लहान दिवा पाण्यात प्रकाशकिरण सोडतो. कणांवर आदळून काटकोनात विखुरलेला प्रकाश दुसऱ्या बाजूचा ग्राहक टिपतो. सामान्यतः कण जितके अधिक, तितका विखुरलेला प्रकाश अधिक. पाण्याच्या रंगामुळे मापात चूक होऊ नये म्हणून बऱ्याच उपकरणांत ८६० नॅनोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण योजतात.

मापनाची रीत :
१. संवेदकाची काच मऊ फडक्याने पुसावी. काचेवर शेवाळ असल्यास आकडा खोटा येतो.
२. दोरीवर दर अर्ध्या मीटरला खूण करून संवेदक सावकाश सोडावा.
३. प्रत्येक खुणेवर बुडबुडे निघून जाऊन आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे व नोंद करावी.
४. तळाला स्पर्श करू नये. गाळ ढवळला जातो.

ज्या खोलीपासून आकडा एकदम वाढतो, तिच्या बराच वर फूटव्हॉल्व्ह राहील असा तो तरंगत्या पिंपाला टांगावा. पाणी उतरेल तसा तोही उतरतो. म्हणून मापन पुन्हा करावे.

उपकरण नसल्यास : इटलीतील शास्त्रज्ञ सेक्की यांनी १८६५ साली वापरलेली तबकडी आजही उपयोगी पडते. २० सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवावेत. ती दिसेनाशी होते व वर ओढताना पुन्हा दिसते, त्या दोन खोल्यांची सरासरी घ्यावी. परंतु तबकडी तळाच्या थराची वार्ता देत नाही. त्यासाठी वजन बांधलेली बूच लावलेली बाटली खाली सोडून, दोरीने बूच ओढून नमुना घ्यावा.

पाणी नितळ आढळले म्हणजे ते पिण्यास योग्य ठरले, असे मात्र मानू नये. क्षार व रोगजंतू या उपकरणास दिसत नाहीत.