स्वस्त दुकान आणि सभासदाचा हिशेब
(रायगड किनाऱ्याच्या अभ्यास दौऱ्यातून)



गळीत हंगाम आटोपल्यावर आपल्या ऊस विकास विभागातर्फे सभासदांचा एक अभ्यास दौरा रायगडच्या किनारपट्टीला काढला होता. मुख्य हेतू अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना पाहण्याचा. आपण उसाला युरिया टाकतो, तो कुठे आणि कसा तयार होतो हे सभासदांना कळावे, आणि जाता-येता तिकडची भातखाचरे, नारळी-पोफळीच्या वाड्याही नजरेखालून घालाव्यात, असा बेत होता. खत कारखान्याविषयी आम्ही पुढे स्वतंत्र लिहूच. पण परतीच्या वाटेवर गाडीत जो वाद रंगला, तोही आम्हांला तितकाच मोलाचा वाटला. म्हणून आधी हा लेख.

झाले असे. सकाळी अलिबागच्या बाजारात सभासदांनी पांढरा कांदा घेतला. हा कांदा भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर घेतात. चवीला गोडसर, आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्याच्या वेणीसारख्या माळा विणून विकतात. माळ विकणाऱ्या बाईंशी आमच्या मंडळींनी बरीच घासाघीस केली आणि माळेमागे दहा-वीस रुपये पाडून घेतले. संध्याकाळी गाडी पनवेलला एका मोठ्या स्वस्त दुकानाशी थांबली. तिथे साबण, तेल, डाळ, साखर सगळ्यांवर छापील किमतीपेक्षा कमी भाव लावलेला. कोणी घासाघीस केली नाही. ढकलगाड्या भरल्या, रांगेत उभे राहिले, रोख पैसे मोजले. गाडीत बसल्यावर एका वयस्कर सभासदांनी विचारले, की सकाळी आपण शेतकऱ्याकडून सूट घेतली आणि संध्याकाळी दुकानाने आपल्याला दिली. मग दुकानाला ती सूट कोणी दिली?

प्रश्न साधा आहे, पण आपल्या मुळावरचा आहे. त्याचे उत्तर शोधू या.

१. ही दुकाने स्वस्त कशी विकतात?

आपल्या राज्यातले ठळक उदाहरण डी-मार्टचे. पनवेल, खारघर भागात त्यांची दुकाने आहेत. त्यांचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवई येथे निघाले. ३१ मार्च २०२५ रोजी दुकानांची संख्या ४१५ होती. याचे संस्थापक श्री. राधाकिशन दमाणी यांनी त्याआधी, १९९९ साली, नवी मुंबईत नेरूळ येथे 'अपना बाजार'ची एक शाखा चालवायला घेतली होती. अपना बाजार म्हणजे १९४८ साली नायगावच्या गिरणगावात कामगारांनी उभी केलेली सहकारी ग्राहक संस्था. म्हणजे बघा, आज ज्याला आपण खाजगी बलाढ्य दुकान म्हणतो, त्याच्या मालकाने या धंद्याचा पहिला धडा सहकाराच्या दुकानात गिरवला. ती पद्धत त्यांना पटली नाही, आणि त्यांनी आपली वेगळी घडी बसवली.

ती घडी थोडक्यात अशी:

(अ) बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी.
(आ) मालाचे प्रकार मोजके, पण उठाव जोरात. माल फळीवर पडून राहत नाही, म्हणजे पैसा अडकत नाही.
(इ) पुरवठादाराला पैसे लवकर देतात आणि त्या बदल्यात भाव पाडून घेतात.
(ई) दुकान साधे. सजावटीवर खर्च नाही.
(उ) उधारी अजिबात नाही.

यात चमत्कार काही नाही. सरीची लांबी, पाण्याची पाळी, खताची मात्रा यांचा नीट हिशेब ठेवणारा शेतकरी शेजाऱ्यापेक्षा एकरी टनेज जास्त काढतो, तसेच हे.

२. फायदे

पहिला फायदा उघड आहे: वस्तू स्वस्त मिळते आणि भाव सर्वांना एकच. पाटलाला एक भाव आणि ऊसतोड मजुराला दुसरा, असे तिथे नाही. दुसरा, वजनमाप चोख आणि पावती हातात. तिसरा, लहान दुकानदारावरही वचक बसतो. जवळ मोठे दुकान आले की गावातला किराणावालाही भाव आवरतो. चौथा फायदा नोकऱ्यांचा. या दुकानांत आणि गोदामांत तालुक्याच्या ठिकाणी तरुण मुला-मुलींना काम मिळते.

हे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. मोठे ते वाईटच, असे म्हणून चालणार नाही. आपला कारखाना तरी कुठे लहान आहे? हजारो सभासदांचा ऊस एकत्र आला म्हणून तर गाळप परवडते.

३. तोटे

पहिला तोटा उधारीचा. आपला ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा. कायद्याने ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचे असते, पण ते येईपर्यंतचा संसार गावातल्या दुकानदाराच्या वहीवर चालतो. घरात आजारपण निघाले, लग्न निघाले, तर तोच माल देतो. मोठे दुकान हे करणार नाही. उधारी नाही म्हणूनच तर ते स्वस्त आहे. गावातल्या दुकानाचा भाव थोडा चढा असतो, त्यात या थांबण्याचे व्याज धरलेले असते. रोखीचा सगळा माल शहरातून आणायचा आणि अडचणीला तेवढे गावच्या दुकानात जायचे, असे सगळ्यांनी केले तर तो दुकानदार किती दिवस टिकेल? तो बसला तर पुढच्या उन्हाळ्यात वही कोणाकडे उघडायची?

दुसरा तोटा जास्तीच्या खरेदीचा. समजा, महिन्याचा किराणा ४,००० रुपयांचा आणि शेकडा ८ स्वस्त मिळाला. वाचले ३२० रुपये. जाण्या-येण्याला १५० गेले. उरले १७०. आणि यादीत नसलेली ५०० रुपयांची वस्तू गाडीत पडली, की स्वस्ताई गेली पाण्यात. पनवेलच्या त्या दुकानात आम्ही स्वतः एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन आलो. घरी तसे तीन होते.

तिसरा तोटा लहान विक्रेत्याचा. रायगड किनाऱ्यावर सोडे, जवळा, सुकट विकणाऱ्या कोळणी, कडवे वाल विकणारे शेतकरी, पेणचे पापड-मिरगुंड करणाऱ्या बायका यांचा माल थोडा, घरोघर वेगळा. मोठ्या दुकानाला लागतो एका मापाचा, एका वेष्टनातला, बारमाही माल. कांद्याची माळ विणायला जो हात लागतो त्याचे मोल तिथल्या काट्यावर होत नाही. माल चांगला असूनही तो त्या फळीपर्यंत पोचत नाही.

चौथा तोटा सर्वांत मोठा: एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबण्याचा. आम्ही सभासदांना नेहमी सांगतो की सगळे क्षेत्र एकाच जातीखाली ठेवू नका. रोग आला की सगळा फड एकदम बसतो. तेच इथे. चेन्नईत १९९७ साली निघालेल्या 'सुभिक्षा'ची देशभर सोळाशेच्या आसपास दुकाने झाली होती. २००९ साली ती सगळी बंद पडली. नोकरांचे पगार राहिले, माल देणाऱ्यांचे पैसे राहिले. २००१ साली सुरू झालेला 'बिग बझार' एके काळी या धंद्यात अग्रेसर होता. २०२२ साली त्याची मूळ कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. विलायतेत मोठी दुकाने पुरवठादारांना नाडतात, ऐन वेळी मागणी फिरवतात, पैसे लांबवतात, अशा तक्रारी इतक्या वाढल्या की २०१३ साली तिथे कायदा करून त्यावर स्वतंत्र निवाडा अधिकारी नेमावा लागला. दुकान मोठे म्हणून पैसा बुडणार नाही, असे समजू नये.

४. साखरेचा हिशेब

आता आपल्या पिकाकडे वळू. गिऱ्हाईक खेचण्यासाठी मोठी दुकाने ज्या वस्तूंचा भाव पाडतात, त्यांत साखर असते. साखर घरोघर लागते आणि तिचा भाव प्रत्येक बाईच्या तोंडपाठ असतो. ती सूट बहुधा दुकान आपल्या नफ्यातून देते, कारखान्याच्या दारातला भाव त्याने लगेच पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. देशातल्या साखरेचा मोठा हिस्सा मिठाई, बिस्किटे, शीतपेये यांच्या धंद्यात जातो. शिवाय केंद्र सरकारचा महिन्याचा विक्री कोटा आणि टेंडरचा भाव आहेच. तेव्हा एखाद्या दुकानाने आपला दर ठरवला, असे म्हणणे चूक होईल. पण खरेदीदार थोडे आणि मोठे झाले, तर दारातला भावही ते दाबू शकतात. तसे झाले तर काय होईल, हे आकड्यांत पाहा.

शेकडा १०.२५ उताऱ्याने एक टन उसाची साखर होते १०२.५ किलो. २०२५-२६ च्या हंगामाला याच उताऱ्यावर एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये ठरवली होती. त्या किमतीने ही १०२.५ किलो साखर विकली तर येतात ३,१७७ रुपये ५० पैसे. म्हणजे नुसती एफआरपीसुद्धा निघत नाही. प्रक्रियेचा खर्च वेगळाच. मळी, बगॅस, इथेनॉल यांचा हातभार असतो म्हणून गाडे चालते. साखर त्या किमतीच्या वर विकली जाणे आपल्याला किती गरजेचे आहे, हे यावरून कळेल.

आता घरचा हिशेब. कुटुंबाला महिन्याला ४ किलो साखर लागते असे धरा. वर्षाला ४८ किलो. किलोमागे १ रुपया स्वस्त मिळाली तर वर्षाला ४८ रुपये वाचले. त्याच सभासदाचा १०० टन ऊस कारखान्याला जातो. त्याची साखर १०,२५० किलो. कारखान्याच्या दारात किलोमागे १ रुपया कमी मिळाला, तर त्याच्या उसामागे १०,२५० रुपये कमी आले. एफआरपी कायद्याने बांधलेली आहे, पण तूट कुठून तरी भरावी लागतेच: बिल लांबते, पुढचा हप्ता हुकतो, कर्ज वाढते.

एका खिशात ४८ आले आणि दुसऱ्या खिशातून दहा हजार गेले, तर ती स्वस्ताई कोणाची? गाडीतल्या त्या वयस्कर सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर हेच. दुकानाची काही सूट त्याच्या काटकसरीतून येते. ती चांगली, ती अवश्य घ्यावी. काही सूट माल पिकवणाऱ्याच्या पदरातून येते, आणि माल पिकवणारे आपणच आहोत.

५. आपण काय करावे?

(१) टिकाऊ वस्तू, म्हणजे साबण, तेल, चहापूड, वर्षातून दोन-तीन वेळा चार घरांनी मिळून, यादी करून, रोखीने आणाव्यात. यादीबाहेर हात जाऊ देऊ नये. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालापासून घरांचे गट करून हीच एकत्र खरेदी करत आली आहे. त्याला मोठे दुकानच लागते असे नाही.

(२) गावच्या दुकानदाराची वही ऊस बिल जमा होताच पहिल्यांदा भागवावी. उधारी वेळेवर फिटली तर त्यालाही भाव उतरवता येतो. आम्ही काही दुकानदारांशी बोललो. सगळ्यांचे दुखणे एकच निघाले, की पैसा गावात अडकतो.

(३) ज्या महिला गटांना पापड, लोणची, गूळ अशा दुकानांना द्यायचा आहे, त्यांनी आधी उद्यम नोंदणी करावी. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असा २००६ चा कायदा आहे. करार लेखीच करावा, आणि निम्म्याहून जास्त माल एकाच गिऱ्हाइकाला देऊ नये.

(४) साखर पोत्याबरोबर १ व ५ किलोच्या पिशवीत, कारखान्याच्या नावाने, रोखीने विकण्याचा विचार संचालक मंडळाने करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. मोठ्या दुकानालाही जरूर विकावी, पण अनेकांतला एक म्हणून.

(५) आपल्या सोसायट्यांची ग्राहक भांडारे पुन्हा नीट चालवावीत. वारणानगरला साखर कारखान्याच्या परिसरात उभ्या राहिलेल्या वारणा बझारने खेड्यातही सहकारी दुकान मोठे होऊ शकते, हे दाखवून दिले आहे. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल येथे २८ कामगारांनी पहिले यशस्वी सहकारी दुकान काढले, तेव्हा फळीवर लोणी, पीठ, मेणबत्त्या अशा चार-पाच वस्तू होत्या. त्यांत साखरही होती. त्यांचा नियम होता: रोख विक्री, चोख माप, नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. आमच्या पाहण्यातली जी भांडारे बुडाली, ती उधारीने, पडून राहिलेल्या मालाने आणि ओळखीने भरलेल्या नोकरांनी बुडाली. मोठ्या दुकानाकडून शिकायचे ते हेच: माल फिरता ठेवा, पैसे वेळेवर द्या, उधारीला दार बंद करा.

सभासदांनी एक करावे. येत्या महिन्याचा घरखर्च एका कागदावर मांडावा: कुठे घेतले, किती दिले, काय वाचले, जाण्या-येण्याला किती गेले. तो कागद गट कार्यालयात किंवा आपल्या चिटबॉयकडे द्यावा. घरातल्या बाईने लिहिला तर फारच उत्तम, कारण खरा हिशेब तिच्याकडेच असतो. पंचवीस-तीस कागद जमले की आम्ही ते एकत्र मांडून याच पत्रिकेत छापू. मग स्वस्त काय आणि महाग काय, हे कोणा अधिकाऱ्याने सांगावे लागणार नाही.

आणि हो, पुढच्या खेपेला अलिबागला गेलो तर कांद्याच्या माळेला त्या बाई सांगतील तो भाव देऊ, असे परतताना गाडीत सर्वानुमते ठरले आहे.

— ऊस विकास अधिकारी