गुरू हलतोय? हलू दे, व्हिडिओ चालू ठेव

हे बघ, सगळ्यात आधी ते ऑनलाइन कार्ट रिकामं कर. बार्लो, फिल्टर, महागडा कॅमेरा, मोटरवालं स्टँड, यातलं काहीही सध्या घ्यायचं नाही. घरात सहा इंची डॉबसोनियन दुर्बीण आहे, हातात बऱ्यापैकी फोन आहे. गुरूचे पट्टे आणि शनीची कडी टिपायला एवढं पुरतं गं. फोन आयपीसवर घट्ट बसवायचा क्लॅम्प तेवढा आण, कारण हाताने धरून तू दमशील आणि मग चिडशील.

पहिल्या फोटोत गुरू म्हणजे नुसता पांढरा ठिपका आला, म्हणून रडकुंडीला आलीस ना? अगं, सुरुवातीला असंच होतं. आजूबाजूचं आकाश काळं, म्हणून फोन आपला उजेड वाढवत सुटतो आणि गुरू तर मुळातच झगझगीत. स्क्रीनवर गुरूवर बोट दाबून धर, फोकस आणि एक्स्पोजर लॉक कर. मग पट्टे दिसेपर्यंत उजेड खाली ओढ. बाजूचे चंद्र दिसेनासे झाले तरी आज चालेल.

आणि फोटो काढूच नकोस. व्हिडिओ घे.

खरं सांगू का, या छंदाची सगळी गंमत इथेच आहे. प्रतियुतीच्या वेळीसुद्धा गुरू आपल्याला जेमतेम 45 विकलांचा दिसतो आणि चंद्र 1800 विकलांचा. एवढ्याशा चकतीकडे आपण अख्ख्या वातावरणातून बघतो आणि तापलेल्या तव्यावरची हवा थरथरावी तसं ते सारखं थरथरत असतं. पण मधेच क्षणभर हवा स्थिर होते. तो क्षण बोटाने पकडता येत नाही, व्हिडिओत मात्र आपोआप सापडतो. सेकंदाला 60 फ्रेमने दोन मिनिटं घेतलीस की 7,200 फ्रेम झाल्या. त्यातल्या चांगल्या दहा-वीस टक्के निवडून एकावर एक रचायच्या. हे काम ऑटोस्टॅकर्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम करतो. तुझ्या डॉबला ट्रॅकिंग नाही, ग्रह चौकटीतून सरकत जातो, म्हणून घाबरलीस? सरकू दे. तो बाहेर जायला लागला की नळी हलकेच ढकल आणि व्हिडिओ चालू ठेव. पिप नावाचा आणखी एक फुकट प्रोग्रॅम प्रत्येक फ्रेममधला ग्रह शोधून मधोमध आणून ठेवतो.

दोन-तीन मिनिटांपलीकडे मात्र ताणू नकोस. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, त्यामुळे जास्त वेळ लावलास तर त्याच्या फिरण्यानेच बारकावे पुसले जातात. शनीला थोडा जास्त वेळ दिला तर चालतं.

आता गच्चीबद्दल जरा दटावूनच सांगते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. अंगणात गवताचा तुकडा असेल तर तिथे लाव. गच्चीच असेल तर शेजारच्या छपरावरून किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवरून जाणारी नजररेषा टाळ. स्वयंपाकाला लागायच्या आधी दुर्बीण बाहेर ठेवून दे. जेवणं आटोपेपर्यंत आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. आणि आकाश स्वच्छ आहे म्हणजे रात्र चांगली, असं समजू नकोस. तारे फार लुकलुकत असतील तर हवा अस्थिर आहे. उलट थंडीत थोडं धुरकट, पण शांत असतं ना, तशा रात्री ग्रहांना फार मानवतात.

ऑफिस सांभाळून जागरणं कशी करू, हेही विचारलंस. नको करूस जागरणं! 2027 मध्ये गुरूची प्रतियुती फेब्रुवारीत आहे. त्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये तो संध्याकाळीच आपल्या डोक्यावर येईल. डोक्यावरचा ग्रह म्हणजे मधे सगळ्यात कमी हवा. या बाबतीत आपण फार सुदैवी आहोत बघ. डेमियन पीचसारखा इंग्लंडचा नावाजलेला छायाचित्रकार ग्रह टिपायला बार्बाडोसला जायचा, कारण त्याच्या घरून ते कित्येकदा क्षितिजालगतच राहतात.

फ्रेम रचून झाल्यावर चित्र शार्प करायला रेजिस्टॅक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये वेव्हलेटचे स्लायडर असतात, तिथे हात आवर. कडेला पांढरी वर्तुळं उमटली की जास्त झालं, मागे ये. चित्र मऊ राहिलं तरी चालेल, पण खोटं दिसायला नको.

घरात लहान मूल आहे, म्हणून एक गोष्ट अगदी बजावते. दिवसा दुर्बिणीला झाकण हवंच आणि नळीच्या तोंडाशी खास सौर फिल्टर घट्ट बसवल्याशिवाय सूर्याकडे कधीच वळवायची नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ती बंद करून ठेव, नाहीतर आरशावर बुरशी धरते. आणि आरसा फडक्याने पुसायचा नाही, समजलं? धूळ दिसली तरी नाही. पुण्यात असशील तर 1944 पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. आरसे जुळवायला एकदा कुणाकडून तरी समोर बसून शीक.

प्रत्येक व्हिडिओची तारीख आणि वेळ मात्र न चुकता लिही. 19 जुलै 2009 च्या रात्री ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाने हवा बरी नाही म्हणून आवरायला घेतलं होतं. थोडी विश्रांती घेऊन तो परत आला, तेव्हा गुरूवर एक काळा डाग दिसला. काहीतरी आदळल्याची ती खूण होती. हवाईमधल्या नासाच्या अवरक्त दुर्बिणीने त्याला दुजोरा दिला. घराच्या आवारातल्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून हे सापडलं गं!

तेव्हा या शनिवारी एकच ग्रह, एकच व्हिडिओ घे. झाला की मला मूळ फाइल पाठव, शार्प केलेली नको. फोकस कुठे सुटलाय ते मी तिच्यावरून सांगते.