‘रक्त थांबायची गोळी’ मागण्याआधी

मेडिकलच्या काउंटरवर जाऊन ‘बाळंतिणीच्या अंगावरून लय जाते, रक्त थांबायची गोळी द्या’ एवढं सांगितलं की आपल्याकडे बऱ्याचदा पाकीट हातात पडतं. चिठ्ठी लागत नाही. बाईला मूल होऊन किती दिवस झाले, वार पूर्ण पडली होती का, ताप आहे का, हे विचारलं जात नाही. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात असंच पाकीट आमच्या घरी आलं. मी आज हे लिहू शकते ते त्या गोळीमुळे नाही, आमच्या आशाताईमुळे.

मी बार्शीटाकळीला माहेरी होते. बाळंतपण दवाखान्यात नीट झालं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. आठवडाभरात अंगावरून जाणं कमी होऊन रंगही तपकिरी झाला होता. दहाव्या-अकराव्या दिवशी पुन्हा लालभडक सुरू झालं. मावशी म्हणाली, “बाळंतिणीच्या आंगावरून जातेच वं, काई होत नाई.” नात्यातल्या एकानं मेडिकलवरून गोळ्या आणल्या. दोन-तीन गोळ्यांनंतर धार कमी झाली आणि घर निर्धास्त झालं. मला मात्र अंगात कसकस होती, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ते अशक्तपणात धरलं गेलं आणि माझ्यापुढे डिंकाचा लाडू आला.

आशाताई चौदाव्या दिवशीच्या भेटीला आली. तिनं आधी बाळाला पाहिलं, मग माझा हात हातात घेतला. “पॅड किती वेळात भरून राह्यलं, ताई? गाठी पडतात का? वास येते का?” एवढं विचारून तिनं नाडी पाहिली आणि थेट १०८ला फोन लावला. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली आणि तिथून अकोल्याला नेलं. सोनोग्राफीत दिसलं की वारेचा तुकडा पिशवीत राहिला होता, त्यात जंतुसंसर्ग झाला होता. तुकडा काढावा लागला, रक्त चढवावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, रक्त थोडं थांबल्यासारखं वाटलं, पण कारण आतच होतं.

ही गोळी वाईट नाही, हे मला पुढे समजून घ्यावं लागलं. तिचं नाव ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोतो या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या पतीनं १९६०च्या दशकात ती शोधली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २१ देशांतल्या २०,०००हून जास्त बाळंतिणी होत्या. प्रसूतीनंतर जास्त रक्त जाऊ लागल्यावर हे औषध शिरेतून लवकर दिलं, तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात, असं त्यात दिसलं. पण ते तीन तासांच्या आत द्यावं लागतं आणि दर पंधरा मिनिटांच्या उशिरागणिक त्याचा उपयोग घटत जातो. म्हणजे जीव वाचवतं ते दवाखान्यात, शिरेतून, पहिल्या तासांत, बाकीच्या उपचारांसोबत दिलेलं औषध. दहाव्या दिवशी घरी पाण्यासोबत घेतलेली गोळी त्याच नावाची असली, तरी तो उपचार नव्हे. शिवाय बाळंतपणानंतर काही आठवडे पायांच्या शिरांमध्ये गाठी होण्याचा धोका मुळातच वाढलेला असतो. पूर्वी तशी गाठ झाली असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, त्या बाईला ही गोळी डॉक्टरांना न विचारता देणं घातक ठरू शकतं.

दुसरी गोष्ट पिशवीची. वार पडल्यावर पिशवी आवळते आणि तिच्यातल्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणून रक्त थांबतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पिशवी आवळत नाही, ते झालेली रक्ताची गाठ विरघळू देत नाही. पिशवी आवळण्याची औषधं वेगळी. त्यातलं पहिलं ऑक्सिटोसिन, बाळ जन्मताच मांडीत देतात ते इंजेक्शन. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा फ्रीजबाहेर राहिलेल्या इंजेक्शनवर भरवसा ठेवता येत नाही. हेच औषध म्हशीला पान्हा सोडवण्यासाठी चोरून टोचतात, म्हणून गावात ते ओळखीचं आहे. घरी बाईला ‘कळा याव्यात’ म्हणून ते कोणी टोचत असेल तर हात धरा. बाळ पोटात असताना बेताबाहेर दिलं तर पिशवी फाटू शकते. मेथर्जिनही पिशवी आवळतं, पण बीपी वाढलेल्या बाईला ते देत नाहीत. म्हणून गरोदरपणी बीपी होतं हे नर्सबाईंना आपणहून सांगा, कार्डावर लिहिलेलं असलं तरी सांगा.

मिसोप्रोस्टॉल हेही पिशवी आवळणारं औषध, पण गोळीत मिळतं आणि त्याला फ्रीज लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ दरम्यान १,६२० बाळंतिणींवर त्याचा अभ्यास झाला. बाळंतपणं गावातल्या नर्सबाईच करत होत्या. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. आपल्यासारख्याच खेड्यांतून जगाला मिळालेला हा पुरावा आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण तिथेही गोळ्या प्रशिक्षित हातांनी, बाळ जन्मल्यानंतर, ठरलेल्या मात्रेत, म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम, दिल्या होत्या. पोटात दुसरं बाळ नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्या द्यायच्या नसतात. नंतर थंडी वाजते, ताप येतो, तो बहुधा आपोआप उतरतो. या गोळ्या घरात आणून ठेवू नका.

मग घरच्यांनी काय करायचं? तासाभरात पॅड भिजत असेल, लिंबापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, कमी झालेलं रक्त पुन्हा लाल सुरू झालं असेल, ताप किंवा घाण वास असेल, छातीत धडधड, चक्कर, हातपाय गार असतील, तर १०८ला फोन करा. यातलं एक लक्षणही पुरेसं आहे. हा धोका पहिल्या दिवसापुरता नसतो, बाळंतपणानंतर सहा आठवडे आणि कधी त्यानंतरही असतो. बीपी बरं आहे म्हणून थांबू नका. तरुण बाईचं बीपी बराच वेळ टिकतं आणि मग एकदम कोसळतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तर थोडं रक्त जाणंही झेपत नाही. गाडी येईपर्यंत तिला आडवी झोपवा, पांघरूण घाला, लघवी करायला लावा, पण एकटीला उठू देऊ नका. शुद्धीवर असेल तर बाळाला अंगावर पाजू द्या, त्यानं पिशवी आवळायला मदत होते. भिजलेले पॅड फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

खर्चासाठी अडू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला औषधं, तपासण्या, रक्त आणि गाडी मोफत आहे. निघताना डिस्चार्ज कार्ड घ्या, आणि घरी कुठलीही गोळी दिली असेल तर तिचं पाकीट, रिकामं असलं तरी, सोबत न्या. कधी दिली, किती दिल्या, हे न लपवता सांगा. डॉक्टरांचं पुढचं इंजेक्शन त्यावर ठरतं.