ऑफसेट डेटाशीटचा, पत्ता कर्नलचा

पोरी, डिव्हाइस ड्रायव्हरच्या टीममध्ये तुझी निवड झाली, याचा मामाला मनापासून आनंद झाला. तू पहिलाच प्रश्न नेमका विचारलास: रजिस्टरचा पत्ता कुठून घ्यायचा? ड्रायव्हर टिकणार की नव्या मशीनवर कोसळणार, हे बरंचसं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. म्हणून ते घाईत न सांगता लिहून देतोय.

कानमंत्र एका ओळीचा आहे: डेटाशीटमधून ऑफसेट घ्यायचा, पत्ता मात्र कर्नलला विचारायचा. चिप बनवणाऱ्याला एवढंच ठाऊक असतं की स्टेटस रजिस्टर चिपच्या जागेच्या सुरुवातीपासून किती बाइटवर आहे. ती जागा तुझ्या मशीनमध्ये कुठे येणार, हे त्याच्या हातात नसतं. ते ज्याने ठरवलं किंवा नोंदवून ठेवलं, त्यालाच विचारायचं. पुढचं सगळं याच ओळीचा विस्तार समज. उदाहरणं लिनक्सची देतो, आणि पत्ते सगळे हेक्समध्ये.

१. काय काय विचारायचं, ते आधी जाणून घे

डिव्हाइसला मशीनकडून चार गोष्टी लागतात: मेमरीच्या नकाशात रजिस्टरांसाठी जागा, आयओ पोर्ट, इंटरप्ट आणि डीएमए. प्रत्येक डिव्हाइसला चारही लागतातच असं नाही, पण यादी हीच.

आयसा बसच्या काळात ही वाटणी माणूस करायचा, कार्डावरचे जंपर हलवून. कॉम-१ चा पोर्ट ३एफ८ आणि आयआरक्यू ४, कॉम-२ चा २एफ८ आणि आयआरक्यू ३. साउंड ब्लास्टर बहुधा २२० वर, आयआरक्यू ५ आणि डीएमए चॅनेल १ घेऊन. दोन कार्डांनी एकच आयआरक्यू धरला की दोन्ही बिघडायची. ड्रायव्हरही कार्ड शोधायला पोर्ट चाचपत जायचा. भलत्याच कार्डाच्या पोर्टवर काही लिहिलं गेलं की मशीन जागच्या जागी अडकायचं. १९९२ मध्ये पीसीआय आलं आणि कार्ड स्वतःच आपली गरज सांगू लागलं. माणसाने पत्ते ठरवायचे दिवस गेले, तरी ते पाठ करायची सवय काही गेली नाही.

ती सवय किती महागात पडते, ते रास्पबेरी पायवर दिसतं. पहिल्या पायवर पेरिफेरलची जागा २००००००० पासून सुरू होते, पाय २ आणि ३ वर ३एफ०००००० पासून, पाय ४ वर एफई०००००० पासून. जीपीआयओ ब्लॉकचा ऑफसेट मात्र सगळीकडे तोच: २०००००. ज्यांनी पूर्ण पत्ता कोडमध्ये कोरला, त्यांना प्रत्येक वेळी फाइल उघडून आकडा बदलावा लागला.

२. कोड लिहिण्याआधी मशीन वाच

सातबारा पाहिल्याशिवाय आपल्याकडे कोणी जमिनीचा व्यवहार करत नाही. तुझा सातबारा म्हणजे /प्रॉक/आयओमेम: कोणती जागा कुठून कुठवर आणि कोणाच्या नावावर. पोर्टांसाठी /प्रॉक/आयओपोर्ट्स. दोन्ही फाइल रूट होऊन वाच. साध्या युजरला पत्त्यांच्या जागी नुसती शून्यं दिसतात. ती पाहून कर्नलने जागा दिलीच नाही असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात.

/प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये प्रत्येक सीपीयूचा वेगळा रकाना असतो. ही फाइल थोड्या अंतराने दोनदा वाच. तुझ्या ओळीतला आकडा वाढतोय का, एवढं पाहिलं की इंटरप्ट येत नाही की हँडलर चुकतोय, हा वाद तिथेच मिटतो.

पीसीआय डिव्हाइस असेल तर एलएसपीसीआय तुझा उजवा हात. -एनएन लावलंस तर व्हेंडर आणि डिव्हाइसचे क्रमांक दिसतात, -के लावलंस तर कोणता ड्रायव्हर बसलाय ते कळतं, -व्हीव्ही लावलंस तर जागांचे पत्ते आणि आकार दिसतात. हीच माहिती कर्नलच्या शब्दांत हवी असेल तर सिसएफएसमध्ये त्या डिव्हाइसच्या फोल्डरात रिसोर्स नावाची फाइल आहे. तिच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे असतात: सुरुवात, शेवट आणि फ्लॅग.

३. बार कसा मोजतात ते समजून घे, पण स्वतः मोजू नकोस

पीसीआय डिव्हाइसची कॉन्फिगरेशन जागा २५६ बाइटची, पीसीआय एक्सप्रेसमध्ये ४०९६ बाइटची. साध्या डिव्हाइसमध्ये ऑफसेट १० पासून सहा बेस अ‍ॅड्रेस रजिस्टरं असतात. आपण त्यांना बार म्हणतो. डिव्हाइसला किती जागा हवी, हे शोधायची युक्ती फार सुंदर आहे. बारमध्ये सगळे एक लिहायचे आणि परत वाचायचं. समज, एफएफएफई०००० परत आलं. मेमरी बारचे खालचे चार बिट जागेचा प्रकार सांगतात, ते बाजूला काढायचे. उरलेलं उलटं करायचं: ०००१एफएफएफएफ. त्यात एक मिळवायचा: २००००, म्हणजे १२८ केबी. इंटेलच्या जुन्या गिगाबिट नेटवर्क कार्डाचा पहिला बार नेमका एवढाच असतो.

हे वाचून तुझे हात शिवशिवतील, पण ते आवर. हे मोजमाप कर्नलने बूट होताना केलेलं असतं, तेही डिव्हाइसचं पत्ते ओळखणं काही काळ बंद ठेवून. चालत्या डिव्हाइसच्या बारमध्ये सगळे एक लिहिलेस तर मोजून होईपर्यंत ते भलत्याच पत्त्याला उत्तर देऊ लागेल.

बार नुसता वाचायचाही नाही. बारमधला पत्ता बसच्या बाजूचा असतो. सीपीयूला तीच जागा वेगळ्या पत्त्यावर दिसू शकते. साध्या पीसीवर दोन्ही बहुधा सारखेच निघतात, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते आणि दुसऱ्या आर्किटेक्चरवर एकदम उघडी पडते. पाय ३ वर सीरियल पोर्टचा बस पत्ता ७ई२०१००० आहे आणि सीपीयूला तो ३एफ२०१००० वर दिसतो. म्हणून पीसीआय_रिसोर्स_स्टार्ट, पीसीआय_रिसोर्स_लेन आणि पीसीआय_रिसोर्स_फ्लॅग्स यांनाच विचार.

इंटरप्टचंही तसंच. कॉन्फिगरेशनमध्ये ३सी वर इंटरप्ट लाइनचा एक बाइट असतो. तो फर्मवेअरने लिहून ठेवलेला असतो. कर्नलने पुढे काय जुळवाजुळव केली, ते त्याला माहीत नसतं. पीसीआय_अ‍ॅलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स ला किमान किती आणि कमाल किती हवेत ते सांग, आणि परत आलेला आकडा वाच. एमएसआयमध्ये ३२ पर्यंत आणि एमएसआय-एक्समध्ये २०४८ पर्यंत इंटरप्ट असू शकतात, पण तू मागितले तेवढे मिळतीलच असं नाही. मग प्रत्येकाचा क्रमांक पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टर कडून घे.

४. शेवटचा बाइटही आपलाच

कर्नलच्या रिसोर्समध्ये शेवटचा पत्ता जागेत धरलेला असतो. एफईए००००० ते एफईएएफएफएफएफएफ ही जागा पूर्ण १ एमबी आहे. नुसती वजाबाकी केलीस तर एक बाइट कमी येतो. रिसोर्स_साइझ हे फंक्शन त्यासाठीच आहे, ते वापर. लॉगमध्ये जागा छापायची तर सुरुवात आणि शेवट वेगळे छापत बसू नकोस. %पीआर हा फॉरमॅट दे, कर्नल प्रकारासकट नीट छापतो.

फ्लॅगही न चुकता तपास. मेमरी समजून मॅप करायला गेलीस आणि ती पोर्टांची जागा निघाली, तर पुढचं सगळं फुकट. शिवाय ६४ बिटांचा बार दोन घरं अडवतो: बार ० असा असेल तर त्यानंतरचा बार १ नव्हे, २ असतो.

५. क्रम मोडू नकोस

आधी डिव्हाइस चालू कर, मग जागेवर हक्क सांग, मग मॅप कर, मग डीएमएची मर्यादा सांग, मग इंटरप्टचा हँडलर नोंदव. निघताना नेमकं उलट्या क्रमाने. डेव्हएम ने सुरू होणारी फंक्शनं वापरलीस तर परतफेड कर्नलच करतो. प्रोब मध्येच फसला तरी मागे काही अडकून राहत नाही.

हक्क सांगणं ही औपचारिकता समजू नकोस. मागणीवर वजा १६, म्हणजे ईबिझी आलं, तर ती ओळ काढून टाकून पुढे जाणं हा मोठा अपराध. आयओमेम उघड आणि जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहा. जुना ड्रायव्हर उतरला नसेल, नाहीतर त्याच डिव्हाइससाठी दुसरा ड्रायव्हर आधीच बसला असेल.

मॅप झालेली जागा साध्या पॉइंटरसारखी वाचू नकोस. रीडएल, रायटएल किंवा आयओरीड३२ हेच वापर. ही वाचनं आणि लेखनं कंपायलरने गाळू नयेत की पुढेमागे करू नयेत, याची काळजी ती घेतात.

६. पीसीआय नसेल तिथे

मोबाइलच्या किंवा छोट्या बोर्डांच्या चिपमधली बहुतेक डिव्हाइसं स्वतःची ओळख सांगत नाहीत. तिथे डिव्हाइस ट्री सांगतो: रेग मध्ये जागा, इंटरप्ट्स मध्ये इंटरप्ट. पीसीवर हेच काम एसीपीआयच्या तक्त्यांमधला _सीआरएस करतो. ड्रायव्हरला मात्र दोन्हीकडे एकच दार आहे: प्लॅटफॉर्म_गेट_रिसोर्स आणि प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू.

इथे दोन गोष्टी गाठीशी बांध. पहिली: जागा एकाहून जास्त असतील आणि ट्रीमध्ये त्यांना नावं दिलेली असतील, तर क्रमांकाने न मागता नावाने माग. उद्या कोणी मध्ये एक ओळ घातली तरी तुझा ड्रायव्हर बिघडणार नाही. दुसरी: प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू ने ऋण आकडा दिला तर तो जसाच्या तसा परत कर. त्यात वजा ५१७ असू शकतो, म्हणजे ईप्रोब_डिफर. याचा अर्थ काही बिघडलं असा नाही. इंटरप्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर अजून आलेला नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होईल, एवढंच. त्या आकड्याच्या जागी तू तुझा वेगळा एरर परत केलास तर तो पुन्हा प्रयत्न कधीच होणार नाही.

विंडोजवर काम करावं लागलं तरी शिस्त हीच. तिथे डिव्हाइस सुरू होताना सिस्टिम दोन याद्या देते, एक बसच्या बाजूची आणि एक भाषांतरित. मॅप करायला भाषांतरित यादी घ्यायची.

७. सगळे एफ दिसले तर थांब

रजिस्टर वाचल्यावर एफएफएफएफएफएफएफएफ आलं, तर त्यातल्या बिटांचा अर्थ लावत बसू नकोस. बहुधा उत्तर द्यायला पलीकडे कोणीच नसतं. डिव्हाइस झोपेत आहे, ते काढून घेतलंय, किंवा कमांड रजिस्टरमध्ये मेमरीचा बिट चालूच झालेला नाही. व्हेंडर क्रमांक एफएफएफएफ येणं म्हणजेही त्या जागी डिव्हाइस नाही. स्टेटसची वाट पाहणाऱ्या प्रत्येक लूपमध्ये ही तपासणी आणि वेळेची मर्यादा घाल, नाहीतर सगळे बिट एक दिसले म्हणून काम झालं असं तुझा कोड मानून बसेल.

८. सराव क्यूईएमयूवर कर

महागडं बोर्ड हाती येण्याची वाट पाहू नकोस. क्यूईएमयूमध्ये ईडीयू नावाचं डिव्हाइस खास शिकणाऱ्यांसाठी ठेवलंय. व्हेंडर १२३४, डिव्हाइस ११ई८, एक मेमरी बार, आकार १ एमबी. ते जोडून लिनक्स सुरू कर आणि आयओमेम पाहा: जागेसमोर फक्त डिव्हाइसचा पीसीआय क्रमांक असेल. मग तुझा ड्रायव्हर चढव आणि पुन्हा पाहा: त्याच ओळीखाली थोडी आत सरकलेली दुसरी ओळ दिसेल, तुझ्या ड्रायव्हरच्या नावाची. हक्क सांगणं म्हणजे काय, हे या दोन ओळींत डोळ्यांना दिसतं.

आता ऑफसेट ० वाच: ०१००००ईडी यायला हवं. ऑफसेट ४ वर जे लिहिशील ते बिट उलटे होऊन परत येतं. १२३४५६७८ लिही, ईडीसीबीए९८७ मिळेल. शून्य लिहून तपासू नकोस, कारण उत्तर सगळे एफ येईल आणि मेलेल्या डिव्हाइसचंही उत्तर तेच असतं. डीएमएसाठी या डिव्हाइसला मुळात २८ बिटांपर्यंतचेच, म्हणजे २५६ एमबीपर्यंतचे पत्ते कळतात. तू मर्यादा सांगितली नाहीस तर कर्नल ३२ बिट धरून चालेल आणि डिव्हाइसच्या आवाक्याबाहेरचा बफर देईल.

९. रिव्ह्यूला देण्याआधी

ड्रायव्हरच्या फाइलमधले सगळे हेक्स आकडे शोधून काढ आणि एकेकाला विचार: तू कोण? ऑफसेट, मास्क किंवा ओळख क्रमांक असेल तर राहू दे, शेजारी डेटाशीटचं पान लिही. पूर्ण पत्ता किंवा आयआरक्यूचा क्रमांक असेल तर तो काढ आणि त्या जागी कर्नलला प्रश्न विचार. मग ड्रायव्हर चढव, उतरव, पुन्हा चढव. उतरवल्यावर आयओमेम आणि इंटरप्ट्समधून तुझं नाव गेलं पाहिजे, दुसऱ्यांदा चढवताना ईबिझी येता कामा नये. शेवटी तेच मॉड्यूल वेगळ्या मशीनवर नेऊन चालव, एकही ओळ न बदलता. तिथे चाललं, की बिनधास्त रिव्ह्यूला पाठव.